नदी काय तुझ्या बापाची?

“स्टिल वॉटर म्हणजे काय?”

सरांनी विचारलं तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. हातात खडू, पाठीमागे सगळा वर्ग. एप्रिल महिना, नववी नुकतीच संपलेली, दहावीचे जादा तास, वर पत्रे. घामाने खडू ओला झाला होता.

मी म्हटलं, “अजून पाणी.”

आधी कुणाला कळलंच नाही. मग पहिल्या बाकावरचा एकजण फिस्सकन हसला आणि त्याच्यामागून सगळा वर्ग हसत सुटला. बाकं बडवून हसले. मी खडूकडे बघत राहिले.

चौथीपर्यंत मी वाड्यावरच्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, सरकारी मराठी शाळेत शिकले. आमच्या गोव्यात, पेडण्याकडे, गरिबांच्या पोरांचं असंच असतं. चार वर्षं मराठीत पाढे म्हणायचे आणि पाचवीत एकदम इंग्रजीत नेऊन टाकायचं, तरलात तर तरलात. पाचवीच्या बाईंनी शिकवलं होतं, ‘ही इज स्टिल स्लीपिंग’. तो अजून झोपला आहे. स्टिल म्हणजे अजून. मी ते वहीत लिहून घेतलं होतं, पाठ केलं होतं. पाच वर्षं तो अर्थ कुठे अडला नाही. त्या दिवशी फळ्यापाशी त्याने मला तोंडघशी पाडलं.

सर हसले नाहीत. सर स्वतः कधी हसायचे नाहीत, हसवायचे. वर्ग शांत होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, “बाप जन्मभर होडी वल्हवतो आणि पोरीला पाणी कळत नाही.” पुन्हा हशा. मग म्हणाले, “सोडव आता. तुझं अजून पाणी कुठवर पोचतं बघू.”

गणित असं होतं. एक होडी प्रवाहाबरोबर बारा किलोमीटर दोन तासांत जाते. तेच अंतर प्रवाहाविरुद्ध परत यायला तिला तीन तास लागतात. तर संथ पाण्यात होडीचा वेग किती आणि प्रवाहाचा वेग किती? मराठीत सांगितलं की किती सरळ आहे. पुस्तकात ते इंग्रजीत होतं आणि माझ्या डोक्यात तुकड्यातुकड्यांनी शिरलं होतं. होडी. बारा. दोन. तीन. एक्स. वाय.

होडीचा वेग एक्स, पाण्याचा वाय. जातानाचं समीकरण मी बरोबर लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर सहा. येतानाचंही बेधडक लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर चार. आणि मग हात थांबला. तीच बेरीज एकदा सहा आणि एकदा चार. हे कसं होईल?

“दोन्हीकडे अधिक? का?”

“सर, येताना भरती असते.”

मी खरं तेच सांगितलं. जन्मापासून मी तेच बघत आले होते. आमचा वाडा तेरेखोल नदीच्या काठावर, समुद्र जवळ. सहा तास पाणी समुद्राकडे उतरतं, ती सुकती. सहा तास उलटं वर चढतं, ती भरती. माझा बाबा सुकतीबरोबर खाली जायचा आणि भरतीबरोबर वर यायचा. होडीवाला पाण्याशी भांडत बसत नाही, पाण्याची वाट बघतो. गणितातल्या होडीवाल्यालाही एवढी अक्कल असणार असं मी धरून चालले. चढतं पाणी जरा मंद असेल म्हणून तीन तास लागले असतील, मग त्याच्या वेगाला वाय म्हणून कसं चालेल, वेगळं अक्षर घ्यायला हवं, अशा पेचात मी उभी होते.

सरांनी डस्टर टेबलावर आपटलं.

“नदी काय तुझ्या बापाची आहे? जाताना खाली वाहील आणि येताना वर वाहील?”

त्या दिवशीचा सगळ्यात मोठा हशा तो. वर्गातली निम्मी मुलं नदीकाठची. त्यांच्या दारासमोर रोज दोनदा पाणी वर चढत होतं. मी खरं बोलतेय हे त्यांना ठाऊक होतं. तीही हसली. मला त्यांचा राग आला, पण बोलायला तोंड नव्हतं. आठच दिवसांपूर्वी सरांनी सुलक्षाला याच जागी उभी करून तिच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल केली होती, तेव्हा मीही हसले होते. सुलक्षा माझी मैत्रीण, आमच्याच वाड्यावरची. तरी हसले. आज पाळी आपली नाही याचा जो आनंद असतो, तसलं ते घाणेरडं हसू होतं.

दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ‘अजून पाणी’ पडलं. नळावर गेलं की, “अजून पाणी, अजून पाणी.” प्रयोगशाळेत परीक्षानळी भरताना तेच. कंडक्टरची नक्कल करत बसमध्ये तेच. पण त्या नावाने माझं काही अडलं नसतं. अडलं ते सरांनी तासाच्या शेवटी खिशातून काढलेल्या कागदाने.

त्या कागदावर अकरा नावं होती. सरांनी ती वाचली. सुलक्षाचं तिसरं, माझं सातवं.

“यांच्या पालकांनी सोमवारी ऑफिसात यायचं. फॉर्मवर सही करायला.”

तो फॉर्म काय होता ते सांगते. दहावीला गणित दोन प्रकारचं घेता येतं, एक पूर्ण आणि एक सोपं. सोपं घेतलं की पास होणं सोपं. आणि पास झाल्यावर सायन्स नाही, डिप्लोमा नाही, नर्सिंग नाही. शाळेच्या फाटकावर दर वर्षी ‘शंभर टक्के निकाल’ असा बॅनर लागायचा. तो बॅनर कसा लागतो ते मला त्या दिवशी कळलं. जे पडतील असं वाटतं त्यांना आधीच खाली उतरवून ठेवायचं. त्या अकरा नावांत भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, आळीतलं एकही नाव नव्हतं. वाड्यांवरचीच सगळी, आणि दोन बेळगावकडच्या गवंड्यांची.

मला डिप्लोमा करायचा होता. कारण सांगितलं तर हसाल. एकदा आईबरोबर डिचोलीला चतुर्थीच्या बाजाराला गेले होते. परतीच्या बसमध्ये एक बाई चढली. कारखान्यातून आली होती, हातात घडी केलेला पांढरा कोट, खिशाला पेन. ती माझ्याशेजारी बसली आणि सगळा रस्ता तिने एका आकड्यांनी भरलेल्या कागदाकडे बघत काढला. कुणी तिला एकेरीत ‘गे’ म्हणून हाक मारली नाही. उतरताना कंडक्टरने “मॅडम, सांभाळून” म्हटलं. बस, एवढंच. मला ती व्हायचं होतं.

आता सरांचं आणि भाटकारांचं सांगायला हवं. सर शाळेच्या चेअरमनचे भाचे. चेअरमन म्हणजे आमचे भाटकार. नदीपासून डोंगरापर्यंतची सगळी माडाची आणि काजूची जमीन त्यांची, आणि आमचं घर त्यांच्या जमिनीत. आम्ही मुंडकार. म्हणजे भिंती आमच्या, त्यांखालची माती त्यांची. घर आमच्या नावावर व्हावं म्हणून बाबाने मामलेदारांकडे अर्ज घातला होता आणि भाटकार हो म्हणतात की नाही यावर ते सगळं लटकलं होतं. आई त्यांच्या आळीतून जाताना चप्पल हातात घ्यायची. कुणी घ्यायला लावत नव्हतं. तिची सासू घ्यायची म्हणून ती घ्यायची.

रविवारी मी बाबाबरोबर होडीत बसले. दुपारची वेळ, पैलतीरावरून शेणखताच्या गोणी भरून परत येत होतो. सोमवारी शाळेत यायचंय हे मी त्याला सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. शेवटी आडून विचारलं.

“बाबा, पाणी कदी थांबता काय?”

“थांबता मगे. भरती संपता नि सुकती लागता, तेच्या मदी. दहा-पंदरा मिन्टां पाणी उबा रवता.”

उभं पाणी. तेच स्टिल वॉटर. माझ्या बाबाकडे त्याला शब्द होता आणि मी पाचवीच्या वहीत तो शोधत बसले होते. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. मग मी त्याला सगळं सांगितलं. गणित सांगितलं, अजून पाणी सांगितलं, हशा सांगितला. सर त्याच्याबद्दल काय म्हणाले ते मात्र गिळलं.

बाबा वल्हं धरून विचार करत राहिला. तो तिसरी शिकलेला. हसण्याबद्दल तो काही बोलला नाही. त्याला गणितच खटकलं होतं.

“ती होडी उलट्या पाण्यान कित्या येता? भरती लागासर रवाक काय झाला तेका?”

“गणितात तसा सांगलेला नाय.”

“मगे तेका कोणी तरी हुकूम केलेलो आसतलो.” त्याने वल्हं पाण्यात घातलं. “उलट्या पाण्यान आपल्या मनान कोण जायना गे. आमी गेलंव ते भाटकाराच्या नारळांक. आत्ताच घेवन ये म्हटल्यार आत्ताच.”

एवढं बोलून तो वल्हवायला लागला. मी मात्र होडीत बसल्या जागी सुन्न झाले. एक्स वजा वाय. ते वजा चिन्ह मला वर्गात सुचलंच नव्हतं, कारण त्या चिन्हाची गरज कुणाला पडते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ज्याला पाण्याची वाट बघायची मुभा आहे त्याला ते लागत नाही. ज्याला दुसऱ्याच्या घाईने निघावं लागतं त्याच्या वाट्याला ते येतं. बाबाच्या दंडाला जे वळ होते, खांद्याचं हाड जे एका बाजूला उतरलं होतं, ते सगळं त्या वजाचं होतं. पुस्तकवाल्यांनी ते एका आडव्या रेघेत उरकलं होतं.

वही माझ्याजवळ होती. गोणीवर ठेवून मी लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर सहा, जाताना नदी बाबाला हात देते. एक्स वजा वाय बरोबर चार, येताना नदी त्याच्याकडून काढून घेते. दोन्ही ओळी एकाखाली एक मांडून बेरीज केली. अधिक वाय आणि वजा वाय, नदी गेली. उरले दोन एक्स बरोबर दहा. नदीची मदत काढा, नदीचा त्रास काढा, उरतो तो निव्वळ बाबा, दोनदा. ताशी पाच. आणि पाण्याचा वेग एक.

मी पुस्तकातली पुढची तीन गणितं त्याच होडीत बसून सोडवली. एक वयाचं होतं, एक कोंबड्या आणि शेळ्यांच्या पायांचं, एक पुन्हा होडीचं. शब्दांचं भूत उतरलं की आत दोनच अनोळखी माणसं बसलेली असतात आणि त्यांच्याबद्दल दोन खरी वाक्यं सांगितलेली असतात. एवढंच असतं. हे मला नववीभर कुणी सांगितलं नाही. वर्षभर सर फळ्यावर भराभर लिहायचे, पहिल्या बाकाकडे बघत विचारायचे, “कळलं?” आणि पहिला बाक मान हलवायचा.

सोमवार. ऑफिसात तिघे होते. हेडमास्तर, सर आणि भाटकार. टेबलासमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बाबाने दाराबाहेर चपला काढल्या आणि आत जाऊन उभा राहिला. कुणी बस म्हटलं नाही. तो बसलाही नाही. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता, आईने सकाळी तांब्यात निखारे घालून फिरवलेला. भाटकार बाबापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान.

“सही कर रे इथे,” भाटकार म्हणाले.

“ह्या कसला, बाब?” बाबाने अदबीने विचारलं.

“तुझ्या चेडवाच्या भल्याचं. कठीण गणित तिला झेपत नाही, सोपं देतोय. पास होईल. लग्नाला बरं पडेल.”

फॉर्म इंग्रजीत होता. आमच्याआधी चौघांनी सह्या केल्या होत्या, ते फॉर्म बाजूला रचून ठेवले होते. सगळ्यात वर सुलक्षाच्या आईचा अंगठा. शाई अजून ओली दिसत होती. सरांनी बाबाच्या हातात पेन दिलं. बाबाने ते उलटसुलट करून बघितलं, टोपण काढलं. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. शाळेतली माणसं जे सांगतात ते आपल्या भल्याचं, हे त्याच्या हाडात मुरलेलं. तो वाकला.

मी म्हटलं, “बाबा, सही करू नको.”

हेडमास्तरांनी चष्म्यावरून बघितलं. सर म्हणाले, “तुला कुणी विचारलं?”

“माजा गणित आसा. माका इचारूक होया.”

घाबरले की माझी शाळेतली मराठी पळून जाते आणि घरातली येते. तशीच आली. सरांना तेवढंच पुरे झालं. त्यांनी तोच हशा पुन्हा काढायचा प्रयत्न केला, पण तिथे हसायला वर्ग नव्हता. मग म्हणाले, “मोठी शहाणी. सोडव मग. होडी प्रवाहाबरोबर सोळा किलोमीटर दोन तासांत, प्रवाहाविरुद्ध सोळा चार तासांत. सोडव.”

कागद नव्हता. टेबलावर फॉर्म होता. तो मी उचलला, उलटा केला आणि बाबाच्या हातातलं पेन घेतलं. पाठकोऱ्या बाजूवर लिहिलं. एक्स अधिक वाय बरोबर आठ. एक्स वजा वाय बरोबर चार. बेरीज, दोन एक्स बरोबर बारा. एक्स सहा, वाय दोन. पडताळाही करून दाखवला. दोन मिनिटंही लागली नाहीत. घाईत अक्षर वाकडं आलं, गणित सरळ होतं.

फॉर्म मी सरांपुढे ठेवला. आता ते म्हणतील, ठीक आहे. खरंच मला तसं वाटलं. चौदा वर्षांची होते. उत्तर बरोबर आलं की संपलं, असंच शिकवलं होतं ना.

सरांनी कागदाकडे ओझरतं बघितलं. “पाठ करून आलीय,” ते हेडमास्तरांना म्हणाले. “दुसरा फॉर्म काढा.”

हेडमास्तरांनी खण उघडला.

तो खण उघडल्याचा आवाज मी विसरलेले नाही. मला त्या क्षणी कळलं की यांना उत्तर नकोच होतं. मी दहा गणितं सोडवली असती तरी अकरावा फॉर्म निघाला असता. मी चुकले म्हणून त्या यादीत नव्हते. मी ज्या वाड्यावरची होते त्यासाठी यादी होती, आणि चूक तिला चिकटवायला मिळाली होती. आजवर मी अपमान झाला की घरी जाऊन आणखी अभ्यास करायचे. आपलंच कुठेतरी कमी पडतंय असं वाटायचं. ते वाटणं त्या ऑफिसात मेलं.

भाटकार बाबाशी बोलत होते. आवाज अगदी मऊ. “घराच्या कागदाचं बोलायला येणार होतास ना? ये एकदा सवडीने. बघू काय ते.”

बाबाचा चेहरा उतरला. मला तो धोका कळला, बाबाला तर आधीच कळला होता. नवा फॉर्म टेबलावर आला. पेन माझ्याच हातात होतं. मी ते दिलं नाही.

मी म्हटलं, या वेळी नीट शाळेतल्या मराठीत, शब्द मोजून, “सर, आधी तुम्ही लिहून द्या. हिला गणित येत नाही असं लिहा, खाली तारीख घाला, तुमची सही करा. आणि मी सोडवलेला कागद त्याला जोडा. मग बाबा सही करेल.”

हेडमास्तर नवा फॉर्म सरळ करता करता थांबले. बाहेर शिपाई घंटा द्यायला उभा होता, तोही थांबला. सर पेनकडे बघत होते. गावभर तोंडाने सांगणं सोपं, स्वतःच्या सहीने लिहून देणं वेगळं. त्यांनी हात पुढे केला नाही.

“पोरीला आवर रे,” भाटकार म्हणाले.

बाबा सरळ उभा राहिला. वाकलेला खांदा जेवढा सरळ होतो तेवढा. त्याने माझ्याकडे बघितलं, मग भाटकारांकडे.

“माजा चेडू नको म्हणता, बाब. मगे नाय.”

एवढंच म्हणाला. भाटकारांना तोंडावर ‘नाय’ म्हटल्याचं मी त्याच्याकडून पहिल्यांदा ऐकलं. आम्ही बाहेर आलो. चपला घालताना दोनदा त्याचा अंगठा चुकला. घरी गेल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि बाबालाच विचारलं, “आता घराचा काय?” तो इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावायला लागला.

आम्ही जिंकलो असं समजू नका. त्या आठवड्यापासून भाटकारांचे नारळ दुसऱ्याच्या होडीतून जायला लागले. घराच्या कागदाचं प्रकरण आजही मामलेदारांकडे आहे, आणि प्रत्येक तारखेला बाबा शर्टाला इस्त्री करून जातो. दहावीचं पूर्ण वर्ष सरांनी माझी वही तपासली नाही. एकदाही नाही. मी हात वर केला की त्यांना खिडकीबाहेर काहीतरी दिसायचं. मी शेवटच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवून घ्यायचे आणि चुका स्वतःच शोधायचे. चूक शोधायला दुसरा माणूस लागत नाही, पडताळा येत असला की पुरे, हे तेव्हा शिकले. दहावीला गणितात एकसष्ट मिळाले. थोर काही नाहीत. पण पूर्ण गणिताचे एकसष्ट.

डिप्लोमा झाला. आज मी डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात काम करते. दोन वेगळ्या तीव्रतेची द्रावणं मिसळून तिसऱ्या तीव्रतेचं करायचं असतं. कुठलं किती घ्यायचं ते मी काढून देते. रोज दोन समीकरणं. पांढरा कोट आहे. तो घालून मी बसमध्ये बसते तेव्हा मला छान वाटतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

सुलक्षा दहावीला पास झाली. तिला चांगले मार्क होते. सोप्या गणितात तर वर्गात पहिली. तोंडी हिशेबात ती माझ्याहून तल्लख, शेळ्या-कोंबड्यांचं गणित तिने कागद न घेता सांगितलं असतं. नर्सिंगच्या फॉर्मसाठी आम्ही दोघी म्हापशाला गेलो होतो. खिडकीतल्या बाईने मार्कलिस्टवर बोट ठेवलं, कोणत्या गणितात पास झालीस ते दाखवलं, आणि कागद परत सरकवला. सुलक्षाला आधी काही कळलं नाही. आईच्या अंगठ्याने आपलं काय काय गेलं ते तिला तेव्हा, त्या खिडकीपाशी कळलं. मला आधीच ठाऊक होतं, तिला सांगवत नव्हतं. त्या सोमवारी ऑफिसातून निघाल्यावर मी धावत तिच्या घरी जायला हवं होतं. तिच्या आईला घेऊन परत यायला हवं होतं. नाही गेले. स्वतःची सुटका झाली म्हणून घरी जाऊन जेवले. सुलक्षा आज किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चादरी धुते, भेटली की हसून बोलते, आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नाही. सरांनी माझा अपमान केला त्याचा राग निवला असता एखाद वेळेस. हा, माझा माझ्यावरचा, निवत नाही.

गेल्या आठवड्यात फोन आला. सरांचाच. ते आता त्याच शाळेचे हेडमास्तर आहेत. आवाज ओळखला नाही, इतका गोड. म्हणाले, “तू आपल्या शाळेचा अभिमान. पुढच्या शनिवारी नववीच्या पालकांची सभा ठेवलीय. प्रमुख पाहुणी म्हणून ये. वाड्यावरची मुलगी कुठे पोचली ते पालकांना दिसू दे. पाच मिनिटं प्रेरणादायी बोल.” मी विचारलं, सभा कशासाठी? ते सहज म्हणाले, “दरवर्षीचीच. सोप्या गणिताचे फॉर्म असतात ना, सगळे एकत्र आले की एकदम भरून घेता येतात.”

त्यांना काही आठवत नसेल. ज्याने दुखवलं तो विसरतो, हे जुनंच आहे. किंवा आठवत असेल आणि वाटत असेल की शाल-श्रीफळ दिलं की मी गप्प बसेन. दोन्ही शक्य आहे. मी विचार केला नाही. “येते, सर,” म्हटलं.

कारखान्यात रजा टाकली आहे. शाल मी घेणार नाही. माइक घेणार आहे. माझी घरातली भाषा त्या दिवशी आली तर येऊ दे, समोर बसलेल्यांचीही तीच आहे. मी सांगणार आहे की हा फॉर्म कसला, सही केली की कुठली कुठली दारं बंद होतात, आणि सही न करायचा हक्क कुणाचा. सांगणार आहे की मूल कच्चं आहे असं कुणी म्हटलं तर ते लिहून मागा, खाली म्हणणाऱ्याची सही मागा. मुलाला विचारा, गणित त्याचं आहे.

एवढं सांगायला एक मिनिट पुरे. उरलेली चार मिनिटं मी त्या स्टेजवर तशीच उभी राहणार आहे, आणि खालून पेनाला हात घालणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या तोंडाकडे बघणार आहे. सरांनी घंटा दिली तरी उतरणार नाही.